स्तंभाशेजारचं झाड

दर वर्षी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या शाळेतल्या प्रत्येक शिक्षकाला एक फॉर्म भरावा लागतो. त्याचं नाव ‘प्रोफेशनल गोल्स’. येत्या वर्षात वर्गात काय साध्य करणार, कधीपर्यंत करणार आणि ते केलंत याचा पुरावा काय, असे तीन रकाने. गणिताच्या बाईंचं बरं आहे, टक्केवारी लिहिली की त्या मोकळ्या. मी चित्रकला शिकवते. दिल्लीत येऊन मला सव्वीस वर्षं झाली, त्यातली तेवीस याच शाळेच्या आर्ट रूममध्ये गेली. एवढ्या वर्षांत मी काय साध्य केलं हे मला कुणी तोंडी विचारलं असतं तर अर्धा तास बोलले असते. रकान्यात लिहायचं म्हटलं की मात्र माझं डोकं चालत नाही.

चार वर्षांपूर्वी हा फॉर्म सुरू झाला तेव्हा मी अगदी मनापासून लिहिलं होतं, ‘मुलांना नीट बघायला शिकवायचं आहे.’ आमच्या कोऑर्डिनेटर कृतिका मॅडमनी तो परत पाठवला. “हेमांगीजी, बहुत अच्छा है, लेकिन ये मेजर कैसे होगा?” बाई स्वभावाने वाईट नाही. पण जे मोजता येत नाही त्याची तिला भीती वाटते. मग मी चिडून दुसरंच लिहून दिलं, ‘वार्षिक प्रदर्शनात एकही चित्र अर्धवट किंवा बिघडलेलं लागणार नाही. पुरावा : फोटो.’ कृतिका मॅडम खूश. तेव्हापासून मी दर वर्षी तेच वाक्य उतरवत आले आणि दर वर्षी माझ्या नावापुढे शंभर टक्के असं लागत गेलं.

यंदा तो फॉर्म घेऊन मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसले होते तेव्हा अपूर्वाचा फोन आला. अपूर्वा आणि विनय दोघेही केंद्र सरकारच्या नोकरीत, राहायला आर. के. पुरमच्या क्वार्टर्समध्ये. ओळख आमच्या मराठी मंडळातली, आणि त्यांचा मुलगा सुधन्वा माझा विद्यार्थी. होता, असं लिहायला हवं. ऑक्टोबरमध्ये डेंग्यूने तो सहा दिवसांत गेला. अकरा वर्षांचा होता.

“ताई, विनयची नागपूरला बदली झालीये,” ती म्हणाली. “महिनाअखेर क्वार्टर सोडायचंय. त्याआधी एकदा याल का घरी? सुधन्वाच्या त्या चित्रातलं एक विचारायचं होतं तुम्हाला.”

मी येते म्हटलं आणि फोन ठेवला. कुठलं चित्र ते तिने सांगायची गरज नव्हती. त्या चित्राला गेल्या वर्षी पहिलं बक्षीस मिळालं होतं, आणि त्यातलं सगळ्यात देखणं झाड माझ्या हातचं होतं.

हे नीट सांगायला हवं. चित्रकलेच्या शिक्षकांना ‘हात फिरवणं’ म्हणजे काय ते माहीत असतं. मुलाने चित्र पुरं केलं की शेवटी आपण जरा हात फिरवायचा. ओघळलेलं आकाश सारखं करायचं, नाकाच्या जागी नाक आणायचं, रिकामा कोपरा भरायचा. माझ्या शिक्षकांनी माझ्या चित्रांवर असाच हात फिरवला होता, त्यांच्या शिक्षकांनी त्यांच्या. यात लबाडी आहे असं मला कधी वाटलं नाही. आईबापांना वाटतं लेकरू काय सुंदर काढतंय, लेकराला वाटतं आपल्याला येतं. पूर्वी मी दहातल्या दोन चित्रांवर हात फिरवायची. ते वाक्य फॉर्ममध्ये गेल्यापासून दहाच्या दहा चित्रांवर फिरवायला लागले. प्रदर्शनाच्या आधीचे पंधरा दिवस मधल्या सुट्टीत डबासुद्धा न उघडता मी सहा नंबरचा ब्रश घेऊन बसायची. गेल्या वर्षी फेब्रुवारीत एकेचाळीस चित्रं होती. मी ती चार दिवसांत उरकली, आणि घरी येऊन यजमानांपुढे त्याची फुशारकीही मारली.

सुधन्वाचं चित्र काला अंबचं होतं, म्हणजे पानिपतच्या रणभूमीवर एकेकाळी काळ्या आंब्याचं झाड होतं असं म्हणतात आणि आता युद्धाचा स्मृतिस्तंभ आहे, त्या जागेचं. दर चौदा जानेवारीला आमच्या मंडळाची बस पानिपतला जाते. पहाटेच्या धुक्यात निघायचं, मुरथलला पराठे खायचे, तिथे पोचल्यावर स्तंभाला हार घालायचा, भाषणं ऐकायची आणि संध्याकाळपर्यंत परत. मुलांना त्यातले पराठे तेवढे आवडतात. त्या वर्षी सुधन्वा वडिलांबरोबर आला होता. भाषणं चालू असताना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “मॅम, इथे आंब्याचं झाड कुठे आहे?” मंडळाच्या सहलीतही तो मला मॅमच म्हणायचा.

“आता नाही राहिलं ते,” मी म्हटलं. “फार वर्षं झाली. आता फक्त हा स्तंभ आहे.”

“मग मी झाड नाही काढणार,” तो म्हणाला. जणू मी त्याला काढायला सांगितलं होतं.

आणि त्याने नाहीच काढलं. मधोमध विटांचा लाल स्तंभ, त्यावर झेंडूचा हार, डावीकडे बस, बसपाशी माणसं. कुणाच्या हातात डबा, कुणी संत्रं सोलतंय. रंग थोडे मातकट, पण चित्र जिवंत होतं. उजव्या बाजूला मात्र त्याने काहीतरी भलंमोठं, लांबट असं काढून ठेवलं होतं, स्तंभापेक्षाही उंच. त्याने सगळा तोल जात होता. माझ्यापुढे अजून तेरा चित्रं होती आणि घंटा व्हायला दहा मिनिटं. मी काळा आणि हिरवा एकत्र केला आणि त्या जागेवर आंब्याचं झाड चढवलं. जाड बुंधा, दाट पानं, मध्ये मध्ये उजेडाचे पिवळे ठिपके. झाड मला चांगलं येतं.

सुधन्वा तेव्हा तिथेच होता. विसरलेली पाण्याची बाटली घ्यायला आला होता आणि टेबलाशी उभा राहून बघत होता. मी ब्रश धुता धुता म्हटलं, “देख, अब बैलेंस हुआ ना?”

“जी मॅम,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “मॅम, पर वहाँ...”

“क्या?”

“कुछ नहीं.”

तो बाटली घेऊन गेला आणि मी पुढचं चित्र ओढलं. परीक्षक बाहेरून आले होते. झाडात विलक्षण समज आहे, असं ते त्या चित्रासमोर उभे राहून म्हणाले. मला आतून गुदगुल्या झाल्या, हेही लपवत नाही.

अपूर्वाच्या फोननंतर हे सगळं मनात घोळत राहिलं. मला वाटलं, तिला कुणीतरी सांगितलं असणार, झाड बाईंचं आहे म्हणून. ती विचारेल आणि मला हो म्हणावं लागेल. तिच्याजवळ उरलेल्या मोजक्या वस्तूंतलं हे एक चित्र, आणि त्यातलंही अर्धं त्याचं नाही. दोन दिवस मी जाणं टाळलं. तिसऱ्या दिवशी, शनिवारी, शाळा सुटल्यावर तशीच स्कूटी काढली आणि गेले.

घरात खोकीच खोकी. कूलरही गुंडाळून ठेवला होता, पंख्याची गरम हवा नुसती फिरत होती. भिंतींवरचं सगळं उतरलं होतं, ते चित्र तेवढं खिडकीशेजारी होतं. काचेची फ्रेम, कोपऱ्यात अजून बक्षिसाची रिबीन. विनयने मला पाणी आणून दिलं आणि तेच बघत उभा राहिला.

“पॅकर्सना सांगितलंय, हे ट्रकमध्ये नाही जाणार. आम्ही हातात नेणार,” तो म्हणाला. “मॅडम, येणारा प्रत्येक माणूस या झाडाबद्दल बोलतो. मी तर बिल्कुल सरळ रेघ न मारू शकणारा माणूस. कुठून आलं असेल हे त्याच्यात?”

मी पाण्याचा घोट घेतला. विनयला खालून कुणी हाक मारली, टेम्पोवाला आला होता, तो चपला घालून गेला. घरात आम्ही दोघीच राहिलो.

अपूर्वाने फ्रेम भिंतीवरून काढली आणि एका खोक्यावर, उजेडात, उभी केली. मला जवळ बसवलं. ती फार वाळली होती. बोलली मात्र शांतपणे, बरेच दिवस मनात जुळवून ठेवल्यासारखं.

“ताई, मी त्या दिवशी पानिपतला नव्हते आले, आठवतंय ना? बजेटचे दिवस, सुट्टी मंजूर नाही झाली. सुधन्वा दोन दिवस बोलत नव्हता माझ्याशी. मग प्रदर्शन संपलं, चित्र घरी घेऊन आला आणि म्हणाला, आई, तू आहेस त्यात. ढूंढ. ‘शोध’ त्याला कधी आठवायचंच नाही. मी कुकर लावत होते. अशीच एका बाईवर बोट ठेवलं, म्हटलं, ही का मी? तर म्हणाला, नहीं, ढूंढ ना. मी म्हटलं, अच्छा, नंतर बघते.”

तिने फ्रेम जरा माझ्याकडे वळवली.

“मग राहूनच गेलं. शाळा, ऑफिस, परीक्षा. त्यानेही परत विषय काढला नाही. आता गेले सहा महिने मी रोज शोधतेय. हा विनय, त्याचा मफलर आहे बघा. हे मंडळाचे राजाभाऊ, त्यांची टोपी. ह्या तुम्ही.” तिने काचेवर बोट ठेवलं. बसपाशी एक ठेंगणी बाई, दोन मोठे गोल काढून त्यांचा चष्मा केलेला. मी ते आधी पाहिलंच नव्हतं. त्याने मला काढलं होतं, हातात संत्रं दिलं होतं.

“अकरा माणसं आहेत. दहा ओळखली. मी कुठेच नाही,” अपूर्वा म्हणाली. “तुमच्या वर्गात काढलंय त्याने, तुम्हाला बोलला असेल. मी कुठे आहे, ताई? एवढं कळलं की मी निघायला मोकळी.”

मला कळलं. ती उजवीकडची मोठी लांबट गोष्ट. त्याने आईला तिथे आणून उभं केलं होतं, आणि मी तिच्यावर झाड काढलं होतं.

खोटं बोलायचं मनात आलं. आलं म्हणजे काय, मी बोललेच. अकरावी आकृती बसच्या मागच्या चाकापाशी होती, निळ्या कपड्यातली, तोंड नसलेली. मी तिच्यावर बोट ठेवलं आणि म्हटलं, “ही असावीस तू.” वाटलं, हिचं समाधान होईल, हिला नागपूरला शांत जाता येईल. खरं तर मला तिथून उठून घरी जायचं होतं.

“तिच्यावरच मी तेव्हा बोट ठेवलं होतं,” अपूर्वा म्हणाली. “ती नाही.”

खाली टेम्पोत काहीतरी जड चढवत होते, विनयचा ‘आराम से, आराम से’ असा आवाज येत होता. मी हात मागे घेतला. तेवीस वर्षं मुलांसमोर उभी राहिलेली बाई मी, कधी शब्द अडले नव्हते. त्या दिवशी एक वाक्य बोलायला मला किती वेळ लागला कोण जाणे.

“अपूर्वा, हे झाड मी काढलंय.”

तिने माझ्याकडे बघितलं. “कुठलं, हे?”

“हे सगळं. बुंधा, पानं, सगळं. प्रदर्शनासाठी आम्ही हात फिरवतो, तसं. त्याने झाड काढलंच नव्हतं. तिथे झाड नाहीये म्हणून काढणार नाही म्हणाला होता. त्या जागी त्याने दुसरं काहीतरी काढलं होतं. मोठं. मला वाटलं, प्रमाण चुकलंय.”

“काय होतं?”

“माणूस असणार. उभं.” मी बुंध्यावर बोट ठेवलं. “तूच असणार.”

मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फ्रेमच्या अगदी जवळ सरकली आणि झाडाकडे बघत राहिली, पानांच्या मधून काही दिसतंय का असं. काही दिसत नव्हतं. मी रंग पातळ लावत नाही.

“म्हणजे मी होते,” ती म्हणाली.

“हो.”

“कशी होते?”

मी पुन्हा झाडाकडे बघितलं.

“साडीत होते का सलवार-कमीजमध्ये? केस कसे होते? त्या डिसेंबरात मी केस कापले होते, त्याला आवडले नव्हते ते. लांब काढले होते का आखूड?”

“आठवत नाही.”

“हसत होते?”

“अपूर्वा, मी बघितलंच नाही गं.” आता मला रडू आलं. “माझ्यापुढे ढीग होता. तिथे काय आहे ते मी बघितलं नाही, नुसतं बिघडलंय एवढं बघितलं. मला माफ कर. नाही केलंस तरी चालेल.”

माझ्या पर्समध्ये ब्रश असतो, नेहमीचा. मी तो काढला. वेड्यासारखं म्हणाले, “हा पोस्टर कलर आहे, ओल्या ब्रशने सुटतो. काच काढू आपण. मी हळूहळू वरचा थर उतरवते.”

“आणि खालचा?”

मला उत्तर माहीत होतं, तरी द्यायला नको वाटत होतं. “खालचाही पोस्टर कलरच. तोही सुटेल थोडा.”

“थोडा?”

“सगळाही सुटेल. सांगता येत नाही.”

“मग नका हात लावू, ताई,” ती म्हणाली. रागाने नाही म्हणाली, पण मी ब्रश परत आत ठेवला.

तिने ओढणीने काच पुसली. मग तिला काहीतरी सुचलं आणि पुसता पुसता ती थांबली. “तुम्ही झाड काढलंत ते त्याला माहीत होतं?”

“समोर उभा होता तो. काहीतरी सांगत होता. मी ऐकलं नाही.”

“आणि घरी येऊन मला म्हणाला, तू आहेस त्यात,” अपूर्वा म्हणाली. “मॅमनी तुला झाकलं, असं नाही म्हणाला. ढूंढ म्हणाला. तुमचं नाव नाही घेतलं त्याने, ताई.” आणि मग ती रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले आणि ठेवला नाही. माझ्या हाताचा मला तेव्हा इतका तिरस्कार वाटत होता.

विनय जिन्यात बोलत वर येत होता. तिने डोळे पुसले आणि घाईने म्हणाली, “त्याला नका सांगू. त्याचं झाडावर फार प्रेम बसलंय.” मग तिने काचेवर तळहात ठेवला, झाडाच्या मुळाशी. दुसरा हात शेंड्याशी नेला. दोन्ही हातांतलं अंतर तिने एकदा बघितलं आणि मला विचारलं, “एवढी?”

“एवढी,” मी म्हटलं. “थोडी जास्तच. स्तंभाहून उंच होतीस.” तेवढंच मला खात्रीने सांगता येत होतं.

ती मंडळी तीस तारखेला गेली. त्याच्या आदल्या आठवड्यात आर्ट रूममध्ये पाचवीतल्या एका मुलीने नेहमीप्रमाणे कागद पुढे केला, “मॅम, ठीक कर दो.” कागदावर एक मोठा तपकिरी गोळा होता. माझा हात सवयीने ब्रशकडे गेला. मग मी हात मांडीवर ठेवला आणि तिला विचारलं, ये क्या है. ती दहा मिनिटं सांगत होती.

फॉर्म मी उशिरा दिला. त्यात यंदा एकच वाक्य आहे, ‘मुलांच्या कागदाला माझा ब्रश लागणार नाही.’ कृतिका मॅडमनी अपेक्षेप्रमाणे परत पाठवला. हेमांगीजी, पुराव्याचा रकाना रिकामा राहिलाय, प्रदर्शनाचे फोटो वगैरे काही लिहा ना. मी तसाच पुन्हा दिला. पुरावा मला देता येणार नाही. तो नागपूरला एका भिंतीवर आहे, आणि त्याच्यावर मी झाड काढून ठेवलंय.